प्रोबायोटिकची पट्टी मागण्याआधी

श्रावणातली दुपार. पाऊस सकाळपासून धरून होता, दुकानाच्या पत्र्यावरून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. एक आजी छत्री मिटून आत आल्या आणि पिशवीतून चार रिकाम्या बाटल्या काढून काउंटरवर ओळीने मांडल्या. बोटाएवढ्या, प्लास्टिकच्या, पाच मिलीच्या. "बाय, ह्या अजून सहा दे. नातवाला परवापासून ढाळ लागलेत."

नातू दोन वर्षांचा. आईबरोबर मुंबईहून आलेला. बाटल्याही आईनेच तिकडून येताना आणलेल्या, बॅसिलस क्लॉसी नावाच्या जंतूच्या, म्हणजे प्रोबायोटिकच्याच. मी विचारलं, ओआरएस देताय ना? "तेच्यानं जुलाब वाढतात, म्हणून बंद केलंय. हीच बाटली देतोय, दिवसातून तीनदा." दूध? तेही बंद. शू कधी केली शेवटची? आजी गप्प झाल्या. सकाळपासून केलीच नव्हती.

मुलगा बाहेर रिक्षात आईच्या मांडीवर होता. मी छत्री घेऊन गेले. डोळे खोल गेलेले. रडत होता, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती पटकन सपाट होईना, हळूहळू बसत होती. रिक्षा तशीच सरकारी दवाखान्यात धाडली. सलाईन लावलं, रात्रीपर्यंत पोर शुद्धीत बोलू लागलं, दुसऱ्या दिवशी बिस्किट मागत होतं.

त्या बाटल्यांमध्ये काही खोट नव्हती. औषध खरं होतं, मुदत शिल्लक होती. चूक एवढीच झाली, की त्या बाटलीने पाण्याचं काम करावं अशी अपेक्षा ठेवली गेली.

दापोलीत मेडिकल चालवताना मला तेवीस वर्षं झाली. प्रोबायोटिक मी रोज विकते. ते उपयोगी औषध आहे असं मी मानते. पण ज्याला ते खरोखर लागतं त्याच्या हाती ते क्वचित पडतं आणि ज्याला लागत नाही तो दोन-दोन महिने घेत राहतो, हे पाहून जीव तळमळतो. पट्टी काही स्वस्त नसते. मोलमजुरी करणाऱ्या माणसाने दिवसभराची कमाई काउंटरवर ठेवावी आणि त्या बदल्यात त्याला नुसती आशा मिळावी, हे मला पटत नाही. म्हणून काउंटरवर दोन मिनिटांत जे सांगता येत नाही, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

विरजण, पण मोजून भरलेलं

विरजण लावणाऱ्या कुठल्याही बाईला प्रोबायोटिक अर्धं समजलेलंच असतं. दूध फार कढत असलं तर विरजण मरतं. गार असलं तर लागत नाही. चमचाभर हवं तिथे थेंबभर घातलं तर दही पातळ राहतं. शेजारणीचं विरजण आणलं तर चव बदलते. म्हणजे ते जिवंत आहे, त्याला ठरावीक मात्रा लागते आणि प्रत्येकाचा गुण वेगळा असतो, हे तिला ठाऊक असतं.

२००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने मिळून प्रोबायोटिकची जी व्याख्या केली, तीही याच वळणाची आहे. जंतू जिवंत हवेत, पुरेशा संख्येने पोटात जायला हवेत आणि त्यांच्यामुळे आरोग्याला काही फायदा व्हायला हवा. तिन्ही गोष्टी जमल्या तरच ते प्रोबायोटिक. एखाद्या डब्यावर हा शब्द छापला, म्हणून आतल्या पावडरीने या तिन्ही अटी पाळल्या असं होत नाही.

ही कल्पना तशी जुनी. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम करणारे एली मेचनिकॉफ, ज्यांना १९०८ चं नोबेल मिळालं, त्यांचं म्हणणं होतं की बल्गेरियातले शेतकरी दीर्घायुषी असतात ते आंबवलेल्या दुधामुळे. त्यांचं सगळं गणित पुढे टिकलं नाही, पण पोटातले सगळे जंतू वैरी नसतात हा विचार तिथून पसरला.

आता आकडे बघा, कारण खरी समज आकड्यांतून येते. माणसाच्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू असतात, बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. शरीराच्या स्वतःच्या पेशी साधारण ३० लाख कोटी. म्हणजे संख्येने जिवाणूच थोडे जास्त, फक्त आकाराने बारीक असल्यामुळे सगळे मिळून पाव किलोच्या आत भरतात. आजींच्या त्या पाच मिलीच्या बाटलीत असतात २०० कोटी. आकडा ऐकून छाती दडपते, पण भागाकार केला तर एकोणीस हजारांना एक असं प्रमाण पडतं. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावात एक पाहुणा आला, तेवढंच.

आणि तो पाहुणाच असतो. कॅप्सूलमधले जंतू म्हणजे गणपतीला आलेले चाकरमानी समजा. ते आले की कुलूप लागलेलं घर जागं होतं, ओटीवर माणसं बसतात, परसातलं रान साफ होतं, घर भरलेलं दिसल्यावर भुरटा चोर त्या वाटेला जात नाही. आतड्यातही असंच काहीसं घडतं. हे जंतू आम्ल तयार करतात, त्यामुळे रोग करणाऱ्या जंतूंना तिथे राहणं जड जातं. ते जागा आणि अन्न अडवतात, आतड्याच्या अस्तराला बळकटी देतात, शरीराच्या प्रतिकारशक्तीला सावध करतात. पण गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की चाकरमानी परतीच्या एसटीत बसतात, तसे हे जंतूही. घेणं थांबवलं की थोड्याच दिवसांत त्यांचा माग लागेनासा होतो. "दोन महिने कोर्स केला की पोट कायमचं सुधारेल" असं कुणी सांगितलं तर हे ध्यानात ठेवा.

नुसता 'आंबा' मागून चालत नाही

दुकानात येऊन कुणी म्हणतं, "प्रोबायोटिक द्या एक." हे बाजारात जाऊन "आंबा द्या" म्हणण्यासारखं आहे. हापूस हा आंबा, पायरी हा आंबा, रायवळही आंबाच. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेला रत्ना हाही आंबा. शास्त्रीय नाव सगळ्यांचं एकच, मँजिफेरा इंडिका. पण रसाला पायरी घेणारा माणूस लोणच्याला ती घेत नाही.

जंतूंचंही तसंच. लेबलवर नाव तीन तुकड्यांत हवं. लॅक्टोबॅसिलस हे कुळ, ऱ्हॅम्नोसस ही जात आणि जीजी हा वाण. इंग्रजीत या वाणाला स्ट्रेन म्हणतात. जीजी ही दोन अक्षरं आहेत शेरवूड गोरबाख आणि बॅरी गोल्डिन यांच्या आडनावांची, ज्यांनी १९८० च्या दशकात निरोगी माणसाच्या आतड्यातून हा वाण वेगळा केला. मुलांच्या जुलाबावरचे कितीतरी अभ्यास याच वाणावर झालेत. त्यातून निघालेला निष्कर्ष दुसऱ्या कुठल्या ऱ्हॅम्नोससला लावता येत नाही, हापूसचा भाव रायवळला मिळत नाही तसा.

म्हणून पट्टी हातात आली की आधी मागची बाजू वाचा. तिथे नुसतं "लॅक्टिक ॲसिड बॅसिलस" एवढंच लिहिलेलं असेल तर वाण कळत नाही. "लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनेस" असं लिहिलं असेल तर ते बॅसिलस कोॲग्युलन्सचं जुनं, चुकीचं पडलेलं नाव आहे. आणि नाव लॅक्टिकेसिबॅसिलस वगैरे लांबलचक दिसलं तर घाबरू नका. २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी लॅक्टोबॅसिलस हे मोठं कुळ फोडून त्याची पंचवीस कुळं केली, त्यामुळे जुनी माणसं नव्या आडनावाने आली आहेत. जात आणि वाण तेच आहेत.

मग येतो आकडा. लेबलवर सीएफयू असं लिहितात, म्हणजे वाढू शकणारे जिवंत जंतू किती. एक बिलियन म्हणजे शंभर कोटी. आपल्या देशातल्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे प्रोबायोटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या खाद्यपदार्थात दिवसाच्या मात्रेत साधारणपणे किमान दहा कोटी जिवंत जंतू हवेत. ही उंबरठ्याची पायरी झाली. गुण यायला बहुतेक वेळा याहून बरेच जास्त लागतात, पण पन्नास बिलियनचा डबा पाच बिलियनच्या दसपट चांगला असतो असंही नाही. ज्या मात्रेत त्या वाणाचा अभ्यास झाला तीच मात्रा खरी. हा आकडा कारखान्यातून निघतानाचा आहे की मुदत संपेपर्यंतचा, हेही बघा. मुदतीपर्यंतची हमी देणारी कंपनी मी डोळे झाकून पुढे ठेवते.

सगळे प्रोबायोटिक लॅक्टोबॅसिलसच्या घरातले नसतात. दोन वेगळ्या मंडळींची ओळख करून देते, कारण आपल्याकडे विकतात ती जास्त करून हीच.

पहिला तो बॅसिलस क्लॉसी. हा बाटलीत बीजरूपाने असतो, स्पोअर म्हणतात त्याला. आपला सडा आठवा, कातळाचं उघडं माळरान. मे महिन्यात कातळावर चप्पल घालूनही पाय भाजतो, गवताची काडी दिसत नाही. आणि मिरगाचा पहिला पाऊस पडला की आठवड्यात सगळा सडा हिरवा. बी तिथेच होतं, कडक कवचात वाट बघत. स्पोअर तसाच उन्हाळा सोसतो, जठराचं आम्ल सोसतो आणि आतड्यात पोचल्यावर जागा होतो. त्यामुळे या बाटल्यांना फ्रिज लागत नाही. त्याच्या औषधी वाणांवर अनेक अँटिबायोटिकचा परिणामही होत नाही.

दुसरा सॅकरोमायसिस बुलार्डी. हा जिवाणूच नव्हे, पावाच्या यीस्टचा सख्खा भाऊ आहे. याची गोष्ट कोकणी माणसाला जवळची वाटावी अशी. १९२० च्या दशकात आंरी बुलार हा फ्रेंच शास्त्रज्ञ इंडोचायनात होता, म्हणजे आजच्या व्हिएतनामच्या बाजूला. तिथे पटकीची साथ चालू असताना काही लोक लिची आणि मँगोस्टीनच्या सालीचा काढा पीत होते आणि त्यांना जुलाब होत नव्हते. बुलारने त्या सालींवरून हे यीस्ट वेगळं केलं. आणि मँगोस्टीन कोण, तर आपल्या रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं भावंड. दोघांचं कुळ गार्सिनिया. यावरून आमसुलात ते यीस्ट असतं असा अर्थ मात्र काढू नका, तसं काही नाही. यीस्ट असल्यामुळे जिवाणूंवरची अँटिबायोटिक याला मारत नाहीत. उलट नायट्याच्या किंवा बुरशीच्या गोळ्या, फ्लुकोनाझोलसारख्या, चालू असतील तर हे घेऊन फायदा नाही, कारण त्या गोळ्या यीस्टला मारण्यासाठीच असतात.

कशावर चालतं, कशावर नाही

सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो अँटिबायोटिकमुळे होणाऱ्या जुलाबांवर. कान, घसा, छाती यांसाठी दिलेलं अँटिबायोटिक पोटातल्या चांगल्या जंतूंनाही झोडपतं आणि मुलांना संडास पातळ होते. २०१९ मध्ये कॉक्रेन या संस्थेने मुलांवरचे ३३ अभ्यास एकत्र तपासले, सहा हजारांहून जास्त मुलं. ज्यांना प्रोबायोटिक दिलं त्यांच्यात शंभरांत ८ जणांना जुलाब झाले, ज्यांना दिलं नाही त्यांच्यात १९ जणांना. हा फरक लक्षणीय आहे. दिवसाला पाच बिलियन किंवा त्याहून जास्त मात्रा असेल तिथे गुण चांगला आला. डॉक्टरांनी मुलाला अँटिबायोटिक लिहून दिलं आणि त्याचं पोट हळवं असेल, तर जीजी किंवा बुलार्डी यांतलं एक पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून चालू करावं, असं मी सांगते. थांबून, जुलाब लागल्यावर नव्हे.

कोर्स संपल्यावर मात्र लांबवू नका. इस्रायलच्या वाइझमन संस्थेत मोजक्या माणसांवर झालेला एक बारकाईचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. अँटिबायोटिकनंतर ज्यांनी अकरा वाणांचं मिश्र प्रोबायोटिक घेतलं, त्यांचे स्वतःचे मूळ जंतू परतायला उलट जास्त वेळ लागला. पाहुण्यांनी घर अडवलं आणि घरचे अंगणात उभे राहिले, असं झालं. अभ्यास छोटा आहे, पण तेव्हापासून "पोट साफ व्हावं म्हणून महिनाभर" मागणाऱ्याला मी आठवडाभराच्याच गोळ्या देते.

दुसऱ्या टोकाला आहे साधा जुलाब, तोच ज्यासाठी आजी बाटल्या मागत होत्या. एकेकाळी आम्हीही मानत होतो की प्रोबायोटिकने जुलाब एक दिवस लवकर थांबतात. मग २०१८ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या मुलांवरच्या दोन मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या, दोन्हींत दिलेल्या प्रोबायोटिकचा फरक दिसला नाही. २०२० मध्ये कॉक्रेनने ८२ अभ्यास, बारा हजारांवर रुग्ण तपासले आणि सांगितलं की ४८ तासांपुढे लांबणाऱ्या जुलाबांवर याचा बहुधा फारसा परिणाम होत नाही. काही डॉक्टर अजून देतात, त्यात अपाय फारसा नाही. पण ते मुख्य औषध नव्हे.

मुख्य औषध आहे ओआरएस. २०.५ ग्रॅमचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, चमच्याचमच्याने. अर्धं पाकीट पेलाभर पाण्यात अंदाजाने कालवणं धोक्याचं, मीठ जास्त होतं. मूल ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सावकाश चालू करायचं. ओआरएसने जुलाब वाढत नाहीत. ते जुलाब थांबवतही नाही, गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढतं, आणि जीव वाचतो तो त्यानेच. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या याच पाण्यावर हजारोंना तगवलं. सोबत झिंक, सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याखालच्या बाळाला १०, असं चौदा दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस पुरे करायचे, कारण पुढचे काही महिने जुलाब पुन्हा लागण्याचा धोका त्याने कमी होतो. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. मीठ घातलेली उकड्या तांदळाची पेज उत्तम. शहाळं पाजायला हरकत नाही, पण त्यात सोडियम कमी असतं, ओआरएसच्या जागी ते चालत नाही. संडासात रक्त, जोराचा ताप, सतत ओकारी, सुस्ती, लघवी कमी, यातलं काहीही दिसलं तर मेडिकलमध्ये येऊ नका, सरळ दवाखाना गाठा.

तिसरा गट आहे तो वर्षानुवर्षं पोटाची तक्रार असलेल्यांचा. पोटात गुबारा धरतो, कधी बद्धकोष्ठ, कधी पातळ, कामाच्या ताणाने वाढतं. डॉक्टर तपासून आयबीएस म्हणतात, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, आतड्याचा हळवेपणा. इथे पुरावा संमिश्र आहे. काहींना काही वाणांनी आराम पडतो. अमेरिकन गॅस्ट्रोएंटरॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये आयबीएससाठी सरसकट शिफारस करायला नकार दिला. करून बघायचं असेल तर एकच ब्रँड घ्या, एका वेळी एकच, चार आठवडे, आणि कॅलेंडरवर रोज टिपून ठेवा: पोट दुखलं का, फुगलं का, किती वेळा जावं लागलं. पहिले चार-पाच दिवस गॅस थोडा वाढू शकतो, तो ओसरतो. चार आठवड्यांनी कॅलेंडर बघून फरक दिसला नाही तर पैसे वाचवा. दिसला तरी बारा आठवड्यांनी थांबवून बघा, कदाचित लागणारही नाही. आमच्या एका प्राथमिक शिक्षक गिऱ्हाइकाने असं कॅलेंडर आणून दाखवलं, तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं की पोट बिघडल्याच्या सगळ्या खुणा सोमवारी आणि मंगळवारी होत्या. रविवारी बाजारातून येताना भजी आणि रात्री मटण. गोळी सोडली, रविवार आवरला. वजन कमी होत असेल, संडासातून रक्त जात असेल, झोपेतून उठून जावं लागत असेल किंवा पन्नाशीनंतर सवय एकाएकी बदलली असेल, तर मात्र ही प्रयोगाची वेळ नव्हे, डॉक्टरांनी तपासायला हवं.

भातलावणीच्या दिवसांत लेप्टो, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप, होऊ नये म्हणून सरकारी दवाखान्यातून डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक देतात, आणि ती घेणारे माझ्याकडे येऊन पोटासाठी काहीतरी मागतात. आठवड्याच्या त्या एका वेळच्या गोळीसाठी प्रोबायोटिक मी देत नाही. भरल्या पोटी, तांब्याभर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवे होऊ नका. बहुतेकांची मळमळ तेवढ्याने जाते.

आपल्या देशातला एक अभ्यास सांगितल्याशिवाय राहवत नाही. ओडिशाच्या खेड्यांत साडेचार हजारांवर नवजात बाळांना लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरमचा एक विशिष्ट वाण आणि त्याचं खाद्य असं सात दिवस दिलं. रक्तात जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. २०१७ मध्ये हे नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलं. योग्य वाण, योग्य वेळ, योग्य बाळ जमून आलं तर सात दिवसांची पावडर काय करू शकते ते यातून कळतं. पण म्हणून आपल्या बाळाला दुकानातले थेंब स्वतःच्या मनाने पाजू नयेत. तो वाण वेगळा, ती देखरेख वेगळी.

कुणी घेऊच नये, हेही स्पष्ट सांगते. केमोथेरपी चालू असलेले, अवयव बदललेले, मानेतून किंवा छातीतून मोठ्या शिरेत नळी घातलेले, अतिदक्षता विभागातले, दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळं. यांच्यात हे जिवंत जंतू रक्तात शिरू शकतात. स्वादुपिंडाच्या गंभीर सुजेत तर नेदरलँड्समधल्या चाचणीत, जी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली, प्रोबायोटिक दिलेल्यांत १६ टक्के दगावले आणि न दिलेल्यांत ६ टक्के. अशा रुग्णाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक पुडीही देऊ नका.

घ्यायचं कसं, ठेवायचं कुठे

जेवणाबरोबर किंवा जेवणाआधी थोडा वेळ घ्या. अन्नामुळे जठराचं आम्ल सौम्य होतं आणि जास्त जंतू जिवंत पार पडतात. पुडी कोमट किंवा साध्या पाण्यात, ताकात कालवा. कढत चहात किंवा दुधात नको, विरजणाचा नियम इथेही लागू. जिवाणूंचं प्रोबायोटिक असेल तर अँटिबायोटिकनंतर दोन तास जाऊ द्या. बुलार्डीला ही अडचण नाही.

आपल्याकडची खरी अडचण आहे ती हवेची. जुलैत डब्यातलं मीठ पाझरतं, गूळ ओघळतो, कपाटातल्या चामडी पट्ट्यावर पांढरी बुरशी धरते. तीच दमट हवा कॅप्सूललाही लागते. ओल लागली की सुप्त जंतू अर्धवट जागे होतात आणि अन्न नसल्यामुळे मरतात. म्हणून गोळ्या पट्टीतून आधीच सोडवून आठवड्याच्या डबीत भरू नका, पुडी अर्धी वापरून मुडपून ठेवू नका, चुलीजवळच्या फडताळात किंवा न्हाणीघराच्या खिडकीत तर नकोच. "२५ अंशांखाली, कोरड्या जागी" असं लिहिलेलं असतं, आणि एप्रिल-मे महिन्यात आपल्या घरात असा कोपरा शोधावा लागतो. "२ ते ८ अंश" लिहिलं असेल तर फ्रिजच हवा आणि दुकानदाराकडेही ते फ्रिजमध्येच होतं का, हे विचारायला लाजू नका.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या भागात विजेचे खांब आडवे झाले. कित्येक दिवस वीज नव्हती. इन्सुलिन मी जनरेटर असलेल्या एका हॉटेलवाल्याच्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवलं. फ्रिजातल्या प्रोबायोटिकच्या पट्ट्या मात्र तिथेच राहिल्या. वीज आल्यावर हातात घेऊन बघितल्या, कॅप्सूल चकचकीत, मुदत पुढच्या वर्षाची, रंगात फरक नाही. जंतू मेले की जगले हे बाहेरून कळायला काही मार्गच नाही. सगळ्या टाकून दिल्या. तेव्हापासून कुरिअरने उन्हात दोन दिवस प्रवास करून आलेला स्वस्तातला डबा कुणी दाखवला, की मला त्या पट्ट्या दिसतात.

आणि घरातलं?

"गोळीपेक्षा आपलं ताक बरं ना?" हा प्रश्न मला फार आवडतो. रोजच्या आरोग्यासाठी हो, नक्की. ताज्या दह्या-ताकात जिवंत जंतू असतात आणि ज्यांना दूध पचत नाही अशांनाही दही पचतं, कारण ते जंतू दुधातली साखर फोडायला मदत करतात. पण घरच्या विरजणात कुठला वाण, किती, हे कुणी मोजलेलं नसतं, म्हणून अँटिबायोटिकच्या जुलाबावर नेमकं औषध म्हणून त्याच्यावर विसंबता येत नाही.

आंबोळीचं पीठ रात्रभर आंबतं, पण तव्यावर जंतू मरतात. आंबोळी हलकी आणि पचायला सोपी होते, एवढा फायदा पुरे आहे, तिला प्रोबायोटिक म्हणायला नको. नाचणीच्या आंबीलीचंही तेच, शिजवल्यावर निवू द्या आणि मग वरून ताक घाला, म्हणजे ताकातले तरी जिवंत राहतील. कढीला उकळी आली की तिच्यातले गेलेच. सोलकढी तर आंबवलेलीच नसते, ती आमसुलामुळे आंबट होते. जेवणावर वाटीभर प्यावी ती चवीसाठी आणि तृप्तीसाठी.

पाहुण्यांपेक्षा घरच्या माणसांची सोय आधी बघावी, असं मला वाटतं. आपल्या आतड्यातले मूळ जंतू चोथ्यावर जगतात. कुळथाची पिठी, अळूचं फतफतं, केळफुलाची भाजी, भाजलेल्या फणसाच्या आठळ्या, वालाची उसळ, कांदा, लसूण, रात्रीचा गार भात, हे त्यांचं जेवण. माझ्या आईच्या पिढीने हे रोज खाल्लं. आता दापोलीतही सकाळी पेजेच्या जागी मैद्याची बिस्किटं आणि चहा आला आहे, आणि संध्याकाळी तीच माणसं माझ्याकडे पोटाची गोळी मागतात. पोटाला सवय नसेल तर उसळी हळूहळू वाढवा, एकदम वाढवल्या तर गॅस होतो.

त्या आजी दहा दिवसांनी पुन्हा आल्या. पाऊस उघडला होता, नातू कडेवर होता आणि माझ्या काउंटरवरची पेनं ओढत होता. आजींनी कनवटीची झिंकची रिकामी पट्टी काढून समोर ठेवली. मी म्हटलं, आता बरा आहे की तो. "बाय, तू चौदा दिवस म्हणालेलीस," आजी म्हणाल्या, "ह्या दहाच झाल्यात. चार दे."